यादीत नसलेलं सामान

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी कौन्सिलची बातमी आली आणि दहा मिनिटांत सोलापूरहून काकांचा फोन. काका म्हणजे सख्खे नव्हेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा चादरी-टॉवेलचा कारखाना आहे आणि तिथलं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलंय. २०२० साली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा पुढे पुढे ढकलली जात होती, घरात बसून करायचं काय, म्हणून लिहिलं. जावा, मेवन, छोटासा डेटाबेस, एक प्रिंटर. पाच वर्षं बिनतक्रार चाललं. त्यामुळे आपली कॉलर जरा ताठ होती.

"आता आपल्या चादरीला किती लावायचा टॅक्स?" काका.

प्रकरण सोपं होतं. आधी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. २२ सप्टेंबरपासून २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. म्हणजे कोडमध्ये दोन आकडे बदलायचे. (हे आकडे मी थेट कोडमध्ये का कोंबून ठेवले होते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. हसू नका.) "पाच मिनिटांचं काम आहे काका, शनिवार-रविवारी येईन तेव्हा करून टाकतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

शुक्रवारी १९ तारखेला संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूरला आलो. शनिवारी सकाळी चहा पिता पिता आकडे बदलले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग बिल्डची कमांड दिली, आणि पडद्यावर जे लाल लाल उमटलं ते चार दिवस काही पुसलं गेलं नाही.

झालं असं, की २०२० चा लॅपटॉप केव्हाच मावसभावाला दिलाय, त्यानं तो फॉरमॅट केलाय, आणि त्यावर आता तो क्रिकेट बघतो. कोड गिटमध्ये सुखरूप होता. मला वाटायचं कोड आहे म्हणजे सगळं आहे.

पहिली ठेच जावाची. काकांच्या सीएंना टॅलीत टाकायला एक्सएमएल फाइल लागते, ती मी जॅक्सबी वापरून बनवली होती. जावा ८ मध्ये जॅक्सबी घरातलाच, वेगळा मागवावा लागत नसे. २०१८ मध्ये जावा ११ आला आणि त्यानं त्याला घराबाहेर काढलं. माझ्या नव्या मशीनवर १७. पॉम फाइलमध्ये भाषेची पातळी ८ असं लिहिलं होतं, पण जेडीके कोणता हवा ते नाही. ह्या दोन गोष्टी एकच, असं मला तेव्हा खुशाल वाटायचं.

जुना जेडीके उतरवून घेतला. मग दुसरी ठेच: बारकोडच्या लेबलांची जार फाइल. ती मेवनच्या सेंट्रल रिपॉझिटरीत नाहीच. लेबल प्रिंटर विकणाऱ्यानं २०२० मध्ये ती ईमेलनं पाठवली होती आणि मी ती एका कमांडनं माझ्याच मशीनच्या लोकल रिपॉझिटरीत बसवली होती. पॉममध्ये तिचं नाव अगदी ऐटीत होतं, व्हर्जनसकट. फक्त ती मिळते कुठे, हे जगात एकाच लॅपटॉपला माहीत होतं. तोच, क्रिकेटवाला.

तिसरी गंमत सगळ्यांत भारी. एक्सेल रिपोर्टसाठी एक लायब्ररी घेतली होती आणि तिच्या व्हर्जनच्या जागी चौकटी कंस घालून "अमुकपासून पुढे काहीही" असं लिहिलं होतं. कॉलेजात असताना हे फार हुशारीचं वाटलं होतं, नेहमी ताजा माल मिळेल म्हणून. तर मेवननं इमानदारीत २०२५ चा ताजा माल आणला. त्या नव्या मालानं मधल्या काळात कॉमन्स लँग वापरणं सोडून दिलेलं. आणि माझ्या कोडमध्ये ३०-३५ ठिकाणी कॉमन्स लँगमधली फंक्शनं! मी ती लायब्ररी कधी मागितलीच नव्हती. एक्सेलवालीच्या पदराला धरून ती आली होती, आयडीई नावं सुचवत गेला, मी एंटर मारत गेलो.

रविवार सर्वपित्री अमावास्या. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. सोमवारी घटस्थापना, नवे दर लागू. १२ टक्क्यांनी बिल फाडलं तर गिऱ्हाईक भांडणार, आणि बरोबर भांडणार. शेवटी दिवाणजींनी कपाटातून जुनं बिलबुक काढलं. साठीच्या पुढचे गृहस्थ, सोमवारी आणि मंगळवारी त्यांनी नवरात्राच्या गर्दीत सगळी बिलं हातानं लिहिली. मी शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. काका एकदाच म्हणाले, "काय बाबा, एवढ्या वेळात मी मागावर नवी नक्षी चढवली असती." ओरडले असते तर परवडलं असतं.

आता जाणकार वाचक म्हणतील, काय बे, चालू जारमधली तेवढी एक क्लास फाइल बदलून टाकायची, विषय संपला. बरोबर. मंगळवारी रात्री शेवटी तेच केलं. कारखान्यातल्या मशीनवरची जार उलगडली, तिलाच आधार देऊन ती एक फाइल जुन्या जेडीकेवर कंपाइल केली आणि आत सरकवली. बुधवारपासून बिलं सुरू. पण ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड माझ्याकडे आहे, जे मीच लिहिलंय, ते मी शून्यातून परत बांधू शकत नव्हतो. ही गोष्ट मला काही केल्या पचेना. पुण्याच्या ऑफिसात आम्ही सीनिअर म्हणून मिरवतो आणि ज्युनिअरांचे पॉम तपासतो, त्यामुळे जास्तच.

तर सांगायचा मुद्दा. डिपेन्डन्सी लिहिणं हे काम आपल्याकडे कारकुनी समजलं जातं. इंटरनेटवरून सहा ओळी उचलायच्या, पॉममध्ये चिकटवायच्या, लाल रेघ गेली की पुढे. कोड रिव्ह्यूमध्ये लोक व्हेरिएबलच्या नावावरून अर्धा तास वाद घालतील, पण पॉम फाइलमधला बदल न वाचता पास. माझं मत असं झालंय, की सगळ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांत जास्त खरं बोलायची गरज ह्याच फाइलला असते. कोड खोटा असेल तर तो आज ना उद्या आपटतो. यादी खोटी असेल तर लिहिणाऱ्याच्या मशीनवर ती कधीच आपटत नाही. आपटते ती दुसऱ्याच्या मशीनवर, काही वर्षांनी, आणि हमखास सणाच्या तोंडावर.

हे दुखणं बिल्ड सिस्टिमइतकंच जुनं आहे. 'मेक' हे साधन १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, त्याच्या मागे अशीच एक वाया गेलेली सकाळ आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन, 'याक'वाले, एका प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले होते. चूक आधीच दुरुस्त केलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे हे फक्त माणसाच्या डोक्यात होतं, आणि डोकं विसरलं. म्हणून फेल्डमन यांनी ते फाइलमध्ये लिहायची सोय केली. ५० वर्षं होत आली. सोय आहे, आपण अर्धवट वापरतो.

कॉमन्स लँगचा प्रकार नीट कळायला आमच्या गल्लीची गोष्ट सांगतो. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, हे बाहेरच्यांना खोटं वाटतं. मी शाळेत असताना आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. घरमालकांच्या टाकीत शेजारच्यांच्या बोअरचं पाणी यायचं, कारण दोघांचं जुनं नातं. मालकांच्या टाकीतून एक पाइप आमच्याकडे. आमच्या दृष्टीनं पाणी 'होतं'. पुढे मालकांनी स्वतःची बोअर घेतली, शेजारचं कनेक्शन तोडलं, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या बोअरला पाणी लागेना. बादली घेऊन आई शेजारी गेली, तेव्हा त्या काकूंना पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं आम्हीही त्यांचंच पाणी पीत होतो. त्या भल्या होत्या, दिलं पाणी. पण त्यांनी आम्हाला कसलंच वचन दिलेलं नव्हतं, आणि मालकांनीही मोडलं नव्हतं. सांगितलं असतं, विचारलं असतं, महिन्याला काही दिलं असतं, तर कुणीतरी आमचा विचार करून मगच पाइप तोडला असता.

एक्सेल लायब्ररीवाल्यांनी माझा घात केला असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी स्वतःच्या घरातला एक पाइप काढला. दुसऱ्याच्या घरातून आलेली लायब्ररी मी थेट वापरत असेन तर ती माझ्या यादीत माझ्या नावानं असायला हवी. बाकी त्या लायब्ररीला आतून काय काय लागतं ते तिनं तिच्या यादीत लिहावं, ते मी लिहू नये. एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी दुखणी जातील. मेवनमध्ये डिपेन्डन्सी अ‍ॅनालाइज नावाची कमांड आहे, ती सरळ दोन याद्या देते: वापरलंय पण लिहिलं नाही, आणि लिहिलंय पण वापरलं नाही. माझ्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा चालवली तेव्हा दोन्ही याद्या लांबलचक. दुसऱ्या यादीत अशा लायब्रऱ्या, ज्या मी २०२० मध्ये 'बघू जमतंय का' म्हणून घातल्या आणि काढायला घाबरलो. (ह्या कमांडवर आंधळा विश्वास ठेवू नका. ती कंपाइल झालेल्या फाइली बघते. चालू असताना नावानं बोलावलेली लायब्ररी तिला दिसत नाही, आणि 'वापरलं नाही' म्हणून काढाल तर फसाल.)

व्हर्जनचं मला काकांच्या कारखान्यात बसूनच कळलं. सूत ठेवलेल्या खोलीत एक जाड रजिस्टर असतं. कोणतं सूत, कुठल्या गिरणीचं, काय काउंट, आणि रंगवलेलं असेल तर रंगाचा लॉट नंबर. तोच लाल, तोच रंगारी, तरी दोन लॉटमध्ये फरक पडतो, आणि एका चादरीत दोन लॉट मिसळले की मध्येच पट्टा दिसतो. म्हणून एका ऑर्डरला एक लॉट, आणि तो लिहून. दहावी झालेला मुलगा ते रजिस्टर ठेवतो. त्याला कुणी रिप्रोड्युसिबल बिल्डवर लेक्चर दिलेलं नाही. आणि मी बीई, मी लिहून ठेवलं होतं "लाल, कुठलाही लॉट, नवीन असला की झालं".

ह्यावर लायब्ररी लिहिणारे म्हणतील की आम्हाला रेंज ठेवावीच लागते. मान्य. लायब्ररी ही कुणाच्या तरी घरात जाऊन राहणार असते, तिनं थोडं जुळवून घ्यावं. पण गिऱ्हाइकाकडे जाऊन चालणारं ॲप्लिकेशन असेल, तर एक आकडा, पूर्ण. एनपीएमनं २०१७ मध्ये पॅकेज-लॉक फाइल ह्याचसाठी आणली. ती गिटमध्ये न टाकणारे लोक मला आजही भेटतात. मेवनमध्ये अशी लॉक फाइल आयती मिळत नाही. तिथे एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन मागितली गेली तर मुळाजवळची जिंकते आणि अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेली. म्हणजे पॉममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली तरी प्रोग्रॅमचं वागणं बदलू शकतं. हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं, आणि त्याआधी मी पॉमच्या ओळी अक्षरानुक्रमे लावून शाबासकी घेतली होती :)

डॉकर असताना हे रडगाणं कशाला, असं एका मित्रानं विचारलं. डॉकर मीही वापरतो. पण सगळी खोलीच सिमेंटमध्ये ओतून ठेवली म्हणजे खोलीत काय आहे हे कळलं असं होत नाही. शिवाय इमेजच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत 'लेटेस्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे पुन्हा कुठलाही लॉट. दुसरा म्हणाला, आता एआय पॉम लिहून देतो. देतो, आणि आत्मविश्वासानं देतो. त्यात कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव असतं, आणि अशी नावं आधीच नोंदवून त्यात घाण भरून ठेवणारी मंडळीही आहेत. यादी कुणीही लिहो, सही आपली असते.

आता कुणी म्हणेल, चादरीच्या बिलाची गोष्ट ती केवढी. तर डिसेंबर २०२१ आठवा. लॉगफोरजेमध्ये ते भोक सापडलं, तीव्रता दहापैकी दहा. मी तेव्हा नोकरीत नवाच. कुणी विचारायचं ते एकच, आपल्याकडे लॉगफोरजे आहे का? बहुतेक प्रोजेक्टमध्ये तो थेट घेतलेला नव्हता, दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर कुणाच्या तरी खिशात होता. ज्या टीमच्या याद्या नीट होत्या त्यांनी झाड छापलं, दहा मिनिटांत उत्तर दिलं, व्हर्जन बदललं. ज्यांनी लिब नावाच्या फोल्डरमध्ये जार टाकून ठेवले होते, ते शनिवार-रविवार सर्व्हरवर फाइली शोधत होते. आणि २.१५ पुरलं नाही म्हणून २.१६, मग २.१७, असं परत परत.

त्यानंतर सरकारी पातळीवरही हे पोचलं. मुंबईच्या सेबीनं २० ऑगस्ट २०२४ ला सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली, त्यात शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना त्यांच्या महत्त्वाच्या प्रणालींसाठी एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअरचं बिल ऑफ मटेरियल्स ठेवायला सांगितलं. सर्ट-इननंही त्याच वर्षी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिल ऑफ मटेरियल्स हा शब्दच मुळी कारखान्यातला. आता त्याची साधनं विकली जातील, पीडीएफ निघतील, फायली भरतील. माझी भीती एवढीच की एसबॉम बिल्डमधून आपोआप काढला जातो, आणि बिल्डलाच जे सांगितलेलं नाही ते त्यात येणार कुठून? माझी बारकोडची जार विक्रेत्याच्या एका बनावट नावानं त्यात झळकली असती, बस.

यादी कुठे थांबवायची, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि त्यावर माझंही मत पक्कं नाही. डेबियनवाले त्यांच्या पॅकेजमध्ये कंपायलर आणि मेक लिहायला लावत नाहीत, ते सगळ्यांकडे असतंच असं धरतात. कुठेतरी काहीतरी धरून चालावंच लागतं. पण काय धरलंय हे त्यांनी लिहून ठेवलंय. बेझलसारखी साधनं आणखी पुढे जातात. जे सांगितलं नाही ते बिल्डला दिसूच देत नाहीत, मग विसरायची सोयच नाही. दोन माणसांच्या प्रोजेक्टला बेझल म्हणजे डोकेदुखी, मी काही काकांच्या बिलासाठी ते लावणार नाही. मी एक साधी गोष्ट करतो. कोरं मशीन घ्यायचं, गिटमधून कोड उतरवायचा, एक कमांड द्यायची. जे मिळालं नाही म्हणून आपटलं, ते यादीत लिहायचं.

ह्या कोऱ्या मशीनच्या प्रयोगात चौथी चूक सापडली, जी कुठल्याच कमांडनं दाखवली नसती. पुढच्या शनिवारी परत सोलापूर गाठलं, कोऱ्या लिनक्सवर बिल्ड अखेर हिरवा झाला, आनंदानं एक नमुना बिल छापलं. बिलाच्या डोक्यावर 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' यायला हवं, तिथे नुसते चौकोन. बिलाचा फॉन्ट मंगल, तो मी गृहीत धरला होता. विंडोज १० पासून मंगलसुद्धा आपणहून येत नाही, ऐच्छिक झालाय, हेही तेव्हाच समजलं. म्हणजे काकांनी उद्या नवा कॉम्प्युटर घेतला असता आणि बिलावरून सिद्धेश्वरच गायब झाले असते, तर काय ऐकून घ्यावं लागलं असतं कल्पना करा. मोफत परवान्याचा एक फॉन्ट आता प्रोजेक्टच्या आतच ठेवलाय आणि कोड तोच उघडतो.

सध्याची स्थिती अशी. जेडीके कोणता ते पॉममध्ये लिहिलंय, दुसरा असेल तर एन्फोर्सर प्लगिन बिल्ड सुरूच होऊ देत नाही. जॅक्सबी आणि कॉमन्स लँग स्वतःच्या नावानं यादीत आहेत. चौकटी कंस गेले. न वापरलेल्या नऊ लायब्रऱ्या काढल्या. दर तीन महिन्यांनी एका शनिवारी व्हर्जन तपासायची असं कॅलेंडरात घातलंय, कारण लॉट बांधून ठेवला आणि विसरलो तर पुढचं लॉगफोरजे माझ्याकडेच मुक्कामाला येईल. दोन वेळा तपासली, तिसरी चुकवली.

बारकोडची जार मात्र अडकली आहे. चालू जारमधून काढून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवलीय आणि पॉममध्ये तिथलाच पत्ता दिलाय. विक्रेत्याला मेल टाकला, तो परत आला. दुकानाच्या पत्त्यावर आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आत कुठल्या आणखी लायब्रऱ्या कोंबल्या आहेत ते ठाऊक नाही. पॉममध्ये तिच्या वर एक ओळ लिहिलीय: "ही कुठून आली माहीत आहे, कुणाची आहे माहीत नाही." काकांना म्हटलं, लेबलांचा कोड नव्यानं लिहितो. ते म्हणाले, "दिवाळी होऊ दे."